रियाधमधला स्कायलॅब आणि सासूबाईंच्या सात कोंबड्या

अल-खोबरहून रियाधला निघालो, ते माझं डोकं फिरलं होतं म्हणून. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली, आणि आता सौदीकरणात, म्हणजे परदेशींच्या जागी सौदी माणसं घेण्याच्या धोरणात, माझी जागा नूरा नावाच्या सौदी मुलीला द्यायची होती. नूरा तयार झाली की माझी नोकरी खलास! म्हणून रक्त तपासायचं मशीन अडलं की काय करायचं, ते मी तिला मुद्दामच सांगत नव्हते. "चल, जरा हवापालट करू," नवरा अल्ताफ म्हणाला.

रस्ता सरळसोट, चार तास पुरतात. आम्ही वाट वाकडी करून हुफूफला खजूर घेतले, जुम्म्याची नमाजही तिथेच पढलो. रियाधला अंतराळाचं प्रदर्शन पाहायचं होतं; शुक्रवारी ते चारनंतर उघडतं, तेव्हा घाई नको. तिकीट नाही, पण ते ज्या गजबजलेल्या ओलाया भागात आहे, तिथे पार्किंग मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

आत स्कायलॅब या अमेरिकेच्या जुन्या अंतराळस्थानकाचं भलंमोठं मॉडेल. व्हिजिट व्हिसावर गुहागरहून आलेल्या माझ्या सासूबाई थबकल्याच. "हाच तो मेला! ह्याच्यापायी माज्या सात कोंबड्या गेल्या गो!" १९७९ साली तो आकाशातून डोक्यावर पडणार अशी आवई उठली, तेव्हा मरण्याआधी खाऊन घेऊ म्हणून अख्ख्या मोहल्ल्याने कोंबड्या कापल्या होत्या. आणि पडला कुठे, तर ऑस्ट्रेलियात!

शेजारच्या फलकावर त्याची कथा होती: चंद्रावर जाणाऱ्या रॉकेटच्या एका टप्प्यातच अंतराळवीरांसाठी घर आणि प्रयोगशाळा थाटलेली. उडतानाच कवच फाटलं, एक सौरपंख तुटला, दुसरा अडकला. आत नुसती भट्टी! पहिल्या तिघांनी छत्रीसारखं कापड बाहेर उघडून सावली केली, अडकलेला पंख सोडवला. पुढे आणखी दोन तुकड्या राहून गेल्या. शेवटच्या तिघांनी निघताना दार पक्कं बंद केलं नाही, आणि पुढे कोणी आलंच तर म्हणून खाण्यापिण्याची पिशवी मागे ठेवली. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं.

"मंग कोण आला?"

"कोणीच नाही."

"तरी ठेवलानी ना!" त्या कौतुकाने म्हणाल्या. मला मात्र मान वर करवेना.

शनिवारी परतलो. रविवारी ड्यूटीवर गेल्या गेल्या नूराला मशीनपाशी बसवलं, झाकण उघडलं आणि सगळं, अगदी सगळं दाखवलं. ती भराभर लिहून घेत होती. मग पेन ठेवून हळूच म्हणाली, "तुम्ही काहीतरी राखून ठेवताय, हे मला माहीत होतं. आई म्हणाली, तिची रोजी जातेय, तिच्यावर रागावू नकोस."

मला रडूच फुटलं. महिनाअखेरीला नोकरी सोडतेय. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण काम येतं मला, कुठेही उभी राहीन. आणि इथलं मशीन चालू ठेवून निघतेय.