बबनमामा आणि चौदा फ्लॉप्या

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. एका दुकानात सहा वर्षं बसलं की ते कोपऱ्यातल्या रद्दीसारखे आपोआप साचतात. घरी चार माणसं चहाला आली की मी त्यातला एखादा उपसून काढते, आणि त्याच्यामागे बाकीचे आपणहून बाहेर येतात. नवरा म्हणतो, "तू संगमनेरला टायपिंग करत होतीस की तमाशा बघत होतीस?" खरं सांगू का, दोन्ही!

साल शहाण्णव-सत्त्याण्णव. बसस्टँडमागे अण्णांचा छापखाना होता. अण्णांनी छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे मोडीत काढून एक कॉम्प्युटर आणला आणि तो चालवायला मला ठेवलं. त्यातला लिहायचा प्रोग्रॅम अस्सल इंग्रजी. त्याला मराठी यावं म्हणून एक फ्लॉपी, पत्रिकेच्या वेलबुट्टीसाठी दुसरी, आपोआप तारीख घालायला तिसरी, असं एकेक पुण्याहून यायचं आणि त्या प्रोग्रॅमला जोडायचं. आज मुलं त्याला प्लगइन म्हणतात. अण्णा 'पुरवण्या' म्हणायचे. बघता बघता आमच्या चौदा पुरवण्या झाल्या!

आणि होते बबनमामा. तीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस, न बघता हवं ते अक्षर उचलायचा. खिळे गेले आणि मामांचं कामही गेलं. अण्णांना ते तोंडावर सांगवेना. ते मला म्हणाले, "शैला, दिवाळीपर्यंत बघू. या मशिनवरचं एक तरी काम जमलं तर राहतील. नाहीतर मी बोलतो त्यांच्याशी."

हे अर्थातच मामांना संध्याकाळपर्यंत कळलं होतं.

*

मामांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःहून काम शोधलं. सकाळी येऊन बघते तर फ्लॉप्या ओळीने उन्हात वाळत घातलेल्या!

"मामा, हे काय?"

"दिसभर वापरल्या ना ताई. शाई बसली आसंल. रॉकेलनं लख्ख पुसून ठिवल्या."

खिळे रोज रॉकेलनेच पुसायचे, त्यामुळे मामांचं काही चुकलं असं मामांना वाटेना. पाच फ्लॉप्या कायमच्या बाद झाल्या. पुण्याहून पुरवण्या विकणारे देशमुख इंजिनियर नव्या पाच घेऊन आले. त्यांनी जुनी फ्लॉपी हातात घेतली, नाकाशी नेली आणि अण्णांकडे बघितलं.

"याला वास कसला येतोय?"

अण्णा चेहरा जराही न हलवता म्हणाले, "आमच्याकडची हवाच तशी आहे."

*

खिळ्यांच्या छापखान्यात एक शिस्त असते. छापून झालं की जुळवलेला मजकूर मोडायचा आणि एकेक अक्षर परत आपापल्या खणात टाकायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी अक्षरं पुरत नाहीत.

एकदा मी जेवायला घरी गेले, परत येऊन बघते तर एक अख्खी लग्नपत्रिका गायब. मामा शांतपणे तंबाखू मळत बसलेले.

"परूफ दावून झालं हुतं. मी मोडून टाकली. लई 'चि. सौ. कां.' अडकून पडले हुते त्यात."

मला रडू यायचं बाकी होतं. मी त्यांना समजावलं की इथे अक्षरं संपत नाहीत, हवी तितकी येतात. मामांनी ऐकून घेतलं आणि मग माझीच समजूत घातली, "तुमी लहान हाय, ताई. आसं कुटं आसतंय व्हय?"

पत्रिका मोडू नका, एवढं त्यांनी कबूल केलं. पण पुरवण्यांच्या बाबतीत ऐकेनात. संध्याकाळी सगळ्या पुरवण्या प्रोग्रॅममधून काढायच्या, सकाळी पुन्हा घालायच्या. खिळ्यांची जुनी लाकडी पेटी त्यांनी माळ्यावरून काढली आणि चौदा फ्लॉप्या चौदा खणांत बसवल्या. आधी मी त्यांना माऊस धरायला शिकवला, मग ते माझ्या खुर्चीत बसायला लागले. मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि राग आला की स्वतःचीच लाज वाटायची. अण्णा म्हणाले, "करू दे गं. तेवढाच त्यांचा वेळ जातो."

पुरवणी काढताना कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, नक्की काढू का? याचा अर्थ मी मामांना सांगितला तर त्यांचा अपमानच झाला.

"तीस वर्सं हिथं काम करतोय! आन हे परवा आलेलं मला इचारतंय, नक्की का?"

त्यानंतर ते रोज संध्याकाळी चौदा वेळा खिडकीबाहेर ऐकू जाईल असं ओरडायचे, "व्हय रे बाबा, नक्की!"

*

एक पुरवणी इंग्रजी तपासणारी होती. तिला मराठीचा गंध नाही, त्यामुळे आम्ही काहीही लिहिलं की ती सगळ्याच्या खाली लाल रेघ मारायची. आम्हाला सवय झाली होती.

त्यात सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिलेले एक पुढारी पत्रक काढायला आले. पडद्यावर आपलं पत्रक बघून हरखूनच गेले.

"वा! शब्दन् शब्द अधोरेखित केलाय! अण्णा, तुमच्या मशिनला माणसाची पारख हाय. हे आसंच छापा!"

अण्णांनी मान डोलावली. पण त्या रेघा फक्त पडद्यावर दिसतात, कागदावर उमटत नाहीत! पत्रकं हातात पडल्यावर पुढारी लालबुंद झाले. "रेघा कुठं गेल्या? विरोधकांनी काढायला लावल्या का? किती दिले त्यांनी?"

शेवटी मामा लाल पेन आणि फूटपट्टी घेऊन बसले आणि दोन दिवसांत पाचशे पत्रकांवर रेघा मारल्या. वाकडी एकही नाही. पुढारी निवडून आले! आजही ते श्रेय त्या रेघांनाच देतात.

*

वेलबुट्टीची पुरवणी महिनाभर फुकट चालायची, मग बंद पडायची. अण्णांनी त्यावर तोड काढली. महिना भरत आला की कॉम्प्युटरचं कॅलेंडर मागे न्यायचं, पुन्हा एक जून. आमच्या दुकानात त्या वर्षी जून काही संपला नाही!

पण तारखेची पुरवणी ते कॅलेंडर बघूनच तारीख घालायची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जवळच्याच एका गावाचे ग्रामसेवक ग्रामसभेची नोटीस छापून घेऊन गेले. सप्टेंबरात चावडीवर नोटीस लागली, तिच्यावर तारीख बारा जून. गावाने वाचली, म्हणाले सभा होऊन गेली वाटतं, आणि कुणी फिरकलंच नाही.

आठवड्याने ग्रामसेवक दारात. अण्णा मागच्या दाराने निघायच्या बेतात होते, तेवढ्यात ग्रामसेवकांच्या हातातला पेढ्यांचा पुडा दिसला.

"अण्णा, पहिल्यांदा सभेत एक शिवी ऐकली नाही! पुढची नोटीसपण तुम्हीच काढा. याच मशिनवर!"

*

दिवाळी आठवड्यावर आली. शनिवार होता. सकाळी अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज संध्याकाळी मामांशी बोलतो." त्यांनी काय बोलायचं ते पाकिटाच्या पाठीवर लिहूनसुद्धा आणलं होतं. मला दिवसभर काही सुचेना.

त्याच दिवशी देशमुख नवा प्रोग्रॅम घेऊन आले. "आता पुरवण्यांची कटकटच नाही, सगळं आतच आहे!" असं म्हणत त्यांनी जुनं सगळं पुसलं आणि नवं घातलं. मामा त्यांच्या मागे उभे राहून बघत होते.

एका शाळेच्या स्मरणिकेचं शेवटचं प्रूफ त्या दिवशी द्यायचं होतं. हेडमास्तर न्यायलाच येऊन बसले होते. मी स्मरणिका उघडली तर साठच्या साठ पानांवर नुसते चौकोन! अक्षर एक नाही.

"माझं मनोगत कुठंय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"हे चौकोन आहेत ना सर, तेच," मी म्हटलं.

हेडमास्तरांनी दोन पानं चौकोन नीट बघितले. "ट्रस्टींचं भाषण असतं तर चाललं असतं," ते म्हणाले, "पण हे माझं आहे."

देशमुखांनी जुना प्रोग्रॅम परत घातला आणि पुरवण्या जोडायला घेतल्या. पण प्रत्येक पुरवणी वेगळ्या माणसाने केलेली. वेलबुट्टी आधी घातली की मराठी जायची, मराठी आधी घातली की पानांचे आकडे जायचे. दहा वाजल्यापासून दुपारी दोनपर्यंत देशमुखांनी नऊ वेळा सगळं काढून नऊ वेळा घातलं. शेवटी ते घाम पुसत म्हणाले, "मशिन पुण्याला न्यावं लागेल."

"साहेब, जरा सरकता का?" मामा म्हणाले.

मामांनी पेटी मांडीवर घेतली. फ्लॉप्यांवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी बघितलंही नाही. या खणातली आधी, मग त्या कोपऱ्यातली, मग वरची, मग पुन्हा खालची. तीन महिने रोज सकाळी जे केलं तेच. चौदावी फ्लॉपी बाहेर आली, मी स्मरणिका उघडली, आणि हेडमास्तर स्वतःचं मनोगत मोठ्याने वाचायला लागले.

देशमुख मामांकडे बघत राहिले. मग वही काढून म्हणाले, "मामा, पुण्याला येता का आमच्याकडे?"

अण्णांनी ते ऐकलं. दुकान बंद करायची वेळ झाली, देशमुख गेले, हेडमास्तर गेले. अण्णांनी खिशातलं पाकीट काढून बारीक फाडलं आणि घसा साफ केला.

"मामा, उद्यापासून..."

मामांनी पिशवी खांद्याला लावली. "उद्या मी येनार न्हाई, अण्णा."

अण्णांचा चेहराच उतरला. "असं काय करता? खुर्ची देतो. स्वतंत्र, हातांची!"

मामांनी पेटी फळीवर ठेवली.

"टेबल फॅन तुमच्याकडं फिरवतो."

मामांनी टोपी सारखी केली.

"बोर्डावर नाव घालतो, मामा! माझ्या नावाशेजारी!"

मामांनी चपला घातल्या आणि पायरीवर थांबून थोडा विचार केला.

"खुर्ची चालंल. नाव मातुर जरा ठळक घ्या. आन सोमवारी लवकर उघडा, अण्णा, उद्या रविवार हाय."