बाहीवरून बघितलेलं बीपी

दुसऱ्याच्या चुका काढाव्यात त्या आपल्या डॉक्टरांनीच. गावातल्या डॉक्टरांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. नेहमीच्या आजारांवरचं नवं संशोधन वाचायचं, त्यातलं भरवशाचं निवडायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. दमा, मधुमेह वाटून झाले आणि बीपी आपल्या डॉक्टरांच्या वाट्याला आलं. साठी उलटली होती, पण कोणाचा अभ्यास कच्चा निघाला की नाकाने कांदे सोलायची हौस काही कमी झाली नव्हती.

आजवर ते शोधनिबंधाचं पहिलं पान वाचत आणि शेवटचं. मधली पानं, म्हणजे मोजणी कशी केली ती, खुशाल उलटत. आता परीक्षणच करायचं, तर मधलंच वाचणं आलं. बहुतेकांनी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवलं होतं, पाठ टेकवली होती, दंड उघडा ठेवला होता, बोलू दिलं नव्हतं. ज्यांनी हे केलं नव्हतं, त्यांच्यावर डॉक्टरांनी लाल शाईने शेरा मारला, 'या आकड्यांवर विसंबू नये.' असे दोन-चार शेरे झाले आणि त्यांचा हात थांबला. त्यांना ताई आठवली.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं. दवाखान्यात त्यांचा डबा तीच आणायची, दोन जिने चढून. ती धापा टाकत टेकली रे टेकली की डॉक्टर बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचे आणि वर विचारायचे, "काय गं, तुझ्या धाकट्या लेकाने परत भांडण काढलं का?" ताई तावातावाने सांगत सुटायची.

"बघ, वाढलंच!" डॉक्टर म्हणायचे. मीठ बंद झालं. एक गोळी लागली, मग दुसरी.

गेल्या वर्षी ताई पलंगावरून उठली, तिला घेरी आली आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातली तरुण डॉक्टरीण म्हणाली होती, "यांचं बीपी फार खाली आहे. गोळ्या जास्त होतायत का?" "पडल्यावर खाली जाणारच," म्हणून यांनी तिला उडवून लावलं. वर सगळ्या घरादेखत ताईला झापलं, "जरा खाली बघून चालायला काय होतं तुला?"

ताई खाटेवरून म्हणाली होती, "चुकलं रे माझं."

ते आठवून डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद तसेच टाकून ते ताईकडे गेले.

"आज डॉक्टर घरी? मी इतकी आजारी आहे का रे?"

"बोलू नकोस. पाच मिनिटं गप्प बसायचं."

"मी? गप्प?" ती हसली, पण बसली. त्यांनी बाही वर सारून बीपी बघितलं. आकडा खालीच होता. तिला उभं करून बघितलं, तर आणखी उतरला आणि तिने चटकन त्यांचा खांदा धरला.

'वय झालं, आता गोळ्या कमी करू,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ताईला संशयही आला नसता. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

"बरोबर आलं ना?" ताईने काळजीने विचारलं. "मी मीठ अजिबात घेत नाही हं."

मग त्यांच्याने राहवेना. "ताई, तुझं बीपी मी कधी धड बघितलंच नाही. बाहीवरून, बोलता बोलता बघायचो. तुला गोळ्या जास्त झाल्या. तू पडलीस ती त्यामुळे."

ताई गप्प झाली. या वेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे मी नीट चालत होते?"

"हो."

"मग तसं घरात सांग ना. वर्षभर सगळे मला धांदरट म्हणतात."

डॉक्टरांनी हाक मारली. ताईची सून हात पुसत आली, मागून मुलगाही आला. मंडळापुढे तास तास बोलणाऱ्या डॉक्टरांना पहिला शब्द सापडेना. ते जमिनीकडे बघत उभे राहिले.

ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बोल रे," ती म्हणाली, "मी नाही रागावत."