कोपरा फाटलेलं पत्र

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अमेरिकेतल्या एका संग्रहालयासाठी जुनी पत्रं वाचायचं काम घेतलं. त्यांनी पत्रांचे फोटो पाठवायचे, मी ते जुनं इंग्रजी अक्षर लावून टाइप करायचं. नाशिकच्या पोरांच्या उत्तरपत्रिका तीस वर्षं तपासलेल्या बाईला कुठल्याही अक्षराची भीती नसते. अठराव्या शतकातला एक अमेरिकन तरुण लिस्बनला राहून खारवलेल्या मासळीचा व्यापार करत होता. तो घरी लिहायचा, आई त्याला लिहायची. ती बहुतेक मोज्यांबद्दलच लिहायची. पोचले का, घट्ट होतात का, ओले घालू नकोस.

मला ती बाई आपलीशी वाटायची. माझाही मुलगा मालवाहू जहाजावर असतो आणि मीही त्याला याहून शहाणपणाचं काही लिहीत नाही.

त्या आठवड्यात त्याचा पत्ताच नव्हता. चार दिवस झाले, पाच झाले. "भर समुद्रात रेंज कुठली?" असं ह्यांना ऐकवायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप मोबाईल बघायचा, असं माझं चाललं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याचं पुढचं पत्र उघडलं. कागदाचा कोपरा फाटलेला होता. आमच्याकडे कुणी गेल्याचं पोस्टकार्ड कोपरा फाडूनच पाठवत. ते दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. हे चहा घेऊन मागे आले. मनमाडला रेल्वेत जन्म काढला तरी घाबरले की ह्यांची विंचूरकडची बोली बाहेर येते.

"बंद कर ते आधी. असलं घरात नाय ठेवायचं."

"अहो, फोटो आहे हा!" मी खेकसले. पण बंद केलं. एक ओळही न वाचता शेऱ्यात लिहून टाकलं, की हे मृत्यूची बातमी देणारं पत्र आहे, कोपरा फाडलेला आहे.

सकाळी संग्रहालयातल्या बाईंचं उत्तर आलं. कोपरा कुणी फाडलेला नाही, त्या काळी पत्र लाखेने चिकटवत, उघडताना लाखेबरोबर कागदाचा तुकडा निघायचा. या पत्रात तो फक्त आणखी मोजे मागतो आहे. मला इतकं हसू आलं की ह्यांनाही वाचून दाखवलं. खाली बाईंनी एक ओळ जोडली होती: मृत्यूचं पत्र याच्या पुढचं आहे.

ते उघडलं. लिस्बनमधल्या त्याच्या भागीदाराने आईला लिहिलेलं. चारही कोपरे शाबूत. आधी हवामान, मग बंदरात आलेली जहाजं, आणि सहाव्या ओळीत ताप. मला खरी भीती तेव्हा वाटली. आपल्याकडे वाईट बातमी निदान दारातूनच ओळखू यायची. इथे काहीच खूण नव्हती.

त्याच दुपारी जहाज कंपनीचा मेल आला. विषयात फक्त जहाजाचं नाव. मी लॅपटॉप ह्यांच्याकडे सरकवला.

"मला नाय जमायचं," हे म्हणाले. "तूच वाच."

अडीचशे वर्षांपूर्वीचं अक्षर लावणाऱ्या मला ते छापील इंग्रजी लागेना. पहिली ओळ तीनदा वाचली. जहाजावरची संपर्क यंत्रणा बिघडली आहे, सगळे सुखरूप आहेत. ह्यांनी ती ओळ मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावली. दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. "आई, ऑफिसचा मेल आला होता ना? मग रडतेस कशाला?"

भागीदाराचं पत्र मी टाइप केलं नाही. अक्षर लागत नाही, असं खोटंच कळवून परत केलं. त्या पत्रावरची लाख उघडताना अख्खी सुटली होती, खालचा कागद जरासुद्धा फाटला नव्हता. लिस्बनचं पत्र म्हणजे मुलाचंच, असं समजून त्या आईने ते किती जपून उघडलं असेल.