बर्फाच्या कप्प्यातलं इन्सुलिन

"पेशंटच्या घरी जाऊन मुली असं काय शिकणार, जे वॉर्डमध्ये शिकता येत नाही?" प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं. "एकदा पाठवून तर बघू," मी म्हटलं.

मी नर्सिंग कॉलेजात कम्युनिटी हेल्थ शिकवते. पेशंट घरी गेल्यावर त्याची काळजी कशी घ्यायची, हा माझा विषय. प्रत्यक्षात या विषयाचं मुलींचं पोस्टिंग म्हणजे गावात एक फेरी आणि सर्व्हेची रजिस्टरं. मला प्रत्येक मुलीला महिनाभर एक कुटुंब द्यायचं होतं. मॅडमनी ट्रायल म्हणून एकच मुलगी दिली. शीतल. तोंडी परीक्षेत हिचा आवाजच फुटायचा नाही.

कोल्हारचे बाळनाथकाका तिचे पेशंट. इन्सुलिन वेळेवर घेत होते, तरी शुगर उतरत नव्हती. डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला होता.

पहिल्या भेटीला मी सोबत होते. शीतलने शुगर तपासली. जास्तच होती. मग तिने काकूंना विचारलं, "औषध कुठं ठेवता?"

काकूंनी नवा फ्रीज उघडला आणि बर्फाच्या कप्प्यातून बाटली काढली. आतलं इन्सुलिन गोठलेलं.

"थंड जागी ठेवा म्हनले हुते. याच्यापरीस थंड जागा कुठं हाय? सकाळी काढून ठिवते, पातळ झालं की देते."

"काकू, गोठलं की त्यातली ताकद जाते. नवी बाटली आणून खालच्या कप्प्यात ठेवायची."

"आन् ही?"

"टाकून द्यायची."

काका हसले. "म्हंजी इतके दिस मी पानीच टोचून घेतलं व्हय?"

मी निघायला उठले. शीतल बसूनच होती.

"मॅडम, डोस वाढवला तो या खराब इन्सुलिनवर. चांगलं इन्सुलिन तेवढंच दिलं, तर शुगर एकदम खाली जाईल ना?"

हे मला सुचायला हवं होतं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोस बराच कमी केला आणि रोज शुगर बघायला सांगितलं. शीतल रोज गेली. आठवड्यात आकडे ताळ्यावर आले. काकूंनी तिच्या डब्यात थालीपीठ बांधून दिलं.

प्रिन्सिपल मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच घरी फोन लावला. "आई, तुझं इन्सुलिन फ्रीजमध्ये नेमकं कुठंय गं?"

पुढच्या टर्मपासून प्रत्येक मुलीला एक घर मिळालं. वॉर्डमधल्या फ्रीजमध्ये औषधं आम्हीच लावलेली असतात, त्यामुळे तिथे अशी चूक कधी दिसतच नाही.