आठवडाभर बाहेर

आमच्या वर्गाच्या मॅडमना दुसऱ्याची फजिती करायला मनापासून आवडायचं. फळ्यावर गणित चुकलेल्या पोराला त्या खडू हातात देऊन तास संपेपर्यंत तिथंच उभं करत आणि वर गोड आवाजात विचारत, "बसायची घाई आहे का रे?" नववीत मी त्यांच्या तावडीत सापडले ती एका शिबिरामुळे.

साताऱ्याला शाळकरी मुलांसाठी आठवडाभराचं विज्ञान शिबिर होतं. मॅडमनी त्यांच्या शिकवणीतल्या दोघींची नावं पुढं केली होती. पण परीक्षेत निवडली गेली ती तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणाऱ्या बाईची पोरगी, म्हणजे मी. हेडसर म्हणाले, "जा तू. घरच्यांना वर्गाच्या ग्रुपवर तेवढं कळवायला सांग, हजेरी लागेल." नियमच होता तसा. पालकांनी कळवलं असेल तर शिबिराचे दिवस हजेरीत धरायचे.

वडील फौजेत, तेव्हा सीमेवर कुठंतरी. फोन लागला तर लागला. त्यामुळं कळवायचं काम आईकडं. तिला मोबाईलवर लिहायला जमत नाही. मी साताऱ्याच्या एसटीत बसल्यावर तिनं शेडमधूनच ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला, "मॅडम, पोरगी बाहेर हाय. आठवडाभर शाळंला येणार न्हाई."

तिला म्हणायचं होतं बाहेरगावी. पण आमच्याकडं बाईमाणूस बाहेर आहे म्हणजे तिची पाळी आलीय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आई बोलून मोकळी झाली आणि बेदाणा निवडायला बसली.

इकडं साताऱ्यात मी हवेत होते. द्राक्षाच्या रसातली साखर मोजायचा माझा प्रयोग तिथल्या सरांना आवडला आणि पुण्याच्या मोठ्या शिबिरासाठी माझं नाव निघालं. मला पुण्याला जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. शाळेनंच मला पाठवलं होतं, एवढं हेडसरांनी सही करून द्यायचं बाकी होतं.

परत आल्यावर हजेरी घेताना मॅडम माझ्या नावापाशी थांबल्या.

"कुठं होतीस?"

"शिबिराला."

"तुझी आई तर वेगळंच सांगते." त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, आवाज वाढवला आणि आईचं बोलणं वर्गाला ऐकवलं. मागच्या बाकांवरची पोरं फिसकन हसली. त्यांनी ते पुन्हा लावलं. "आठवडाभर? अगं, डॉक्टरला दाखव." मग सगळा वर्ग हसला. मुलीही हसल्या, आणि त्यांचं हसणं मला जास्त लागलं. मॅडमनी हजेरीत माझ्या त्या दिवसांपुढं 'आजारी' लिहिलं. आजारी मुलगी शिबिराला कशी गेली असेल? म्हणून सही नाही.

दुसऱ्या दिवशी आई कामाला खाडा करून, ठेवणीतलं लुगडं नेसून शाळेत आली. स्टाफरूममध्ये हेडसरही होते.

"आवं मॅडम, बाहेर म्हंजी साताऱ्याला. तुमी तसलं धरशिला, मला काय ठावं?"

"मग नीट बोलायला शिका. ग्रुपवर सगळ्यांनी ऐकलंय. आता मी बदललं तर लोक म्हणतील, मॅडम खोट्या हजेऱ्या लावतात."

आई हेडसरांकडं वळली. "सर, तुमीच धाडलंसा की पोरीला."

हेडसरांनी चष्मा पुसला. "पालकांचा निरोपच तसा आहे. आता मी काय करणार?"

त्यांना सगळं आठवत होतं. असली मऊ माणसं मला मॅडमपेक्षाही किळसवाणी वाटतात. मॅडम निदान राजरोस दुष्ट होत्या.

"चुकलं माजं," आई म्हणाली आणि पाया पडायला खरंच वाकली. मॅडमनी झटकन पाय मागं घेतले. "लांबून, लांबून. तुमच्या घरात बाहेरचं चाललंय ना?" खिडकीपाशी बसलेल्या दोघी शिक्षिका तोंडाला पदर लावून हसल्या. आई तशीच अर्धवट वाकलेली राहिली. तिला सरळ उभं राहायला मी हात दिला. तो राग माझा आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली. गाव जवळ आल्यावर माझ्यावर उखडली, "तुला शिकाय घातली ती कशापाई? काय बोलायचं ते सांगून जायाला काय झालं हुतं?" तिला कुणावर तरी चिडायचं होतं आणि जवळ मीच होते.

निवडलेली मुलं पुण्याला निघाली त्याच दिवशी मी खरोखर बाहेर बसले, मागच्या पडवीत, वेगळ्या पटकुरावर. पोटात कळा येत होत्या, शाळेला जाणं शक्य नव्हतं. आईनं कळवायला मोबाईल उचलला. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिला शब्दच सापडेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "मॅडम, पोरगी घरातच हाय. कुठंबी गेली न्हाई."

मॅडमचा अंगठा लगेच आला. रजा मंजूर झाली.