टळलेला कौल

महिन्यातून एकदा मला बाधा होते, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं. एरवी मी बरी. पण ते दिवस आले की पोट फुगायचं, छाती दुखायची, झोप उडायची आणि नवऱ्याने मुंबईहून फोनवर "जेवलीस का" एवढं विचारलं तरी रडू फुटायचं. एकदा आमटी खारट झाली म्हणून मी अख्खं पातेलं परसात ओतलं. मीठ मीच घातलं होतं.

काजूच्या फॅक्टरीत जायची माझी वाट वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाने जाते. तिथेच मला कशानेतरी धरलं, हे सासूबाईंचं निदान. उपाय म्हणजे ग्रामदेवतेला कौल लावायचा. गुरव मूर्तीला कळ्या चिकटवतो, उजवी पडली की देवाचा होकार. देवाला विचारायचं काय, तेही ठरलं होतं: हिने काम सोडावं का? नवऱ्याच्या किती मागे लागून मी ते काम धरलं होतं! उजवी कळी पडली असती तर भांडणार कोणाशी, देवाशी?

पण कौल काही लागेना. नारळ आणायचा, गुरवाकडून दिवस ठरवायचा आणि त्याच्या आत मला पाळी यायची. पाळीत देवळाची पायरी चढायची नाही, म्हणून कौल पुढे जायचा. तोवर माझं डोकं ताळ्यावर आलेलं असायचं. नुसता नारळ आणला तरी गुण आला, असं सासूबाई म्हणायच्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

एकदा फॅक्टरीत काजूगर निवडताना मी हे हसत हसत सांगितलं, तर कोणी हसलंच नाही. एकीचं पाळीआधी डोकं ठणकायचं, एक विनाकारण पोरांवर खेकसायची, एकीला गोड खाल्ल्याशिवाय राहवायचं नाही. म्हणजे आम्हा सगळ्यांना वहाळाने धरलं होतं की काय? मग मी आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की पाळीआधी असा थोडाफार त्रास पुष्कळ बायकांना होतो, पाळी सुरू झाली की ओसरतो, आणि फारच झाला तर त्यावर इलाज आहे. परत येताना मी वहाळाकाठी थांबून मोठ्याने हसले.

पुढच्या खेपेला गुरव दिवस सांगायला आमच्या ओटीवर आला. शेजारच्या काकूही हजर होत्या. माझं पोट फुगलेलं होतं आणि राग तर नाकावरच होता. म्हटलं, आज हा रागच कामाला येऊ दे.

"आई, दर वेळी पाळी आली की बाधा पळते. ही वहाळातली नाही, माझ्या पाळीची आहे. काम मी सोडणार नाही."

गुरव खाली नारळाकडे बघत राहिला. पुरुषासमोर पाळीचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नव्हतं.

"मला पण व्हायचं गो," सासूबाई हळूच म्हणाल्या. "घरात राहवत नसे, कोयता घेऊन लाकडांना जायची. मला वाटे, माझाच सोभाव वाईट."

मग त्यांनी गुरवाला चहा पाजून परत पाठवलं. त्या नारळाची संध्याकाळी सोलकढी झाली, आणि मी दोन वाट्या प्यायले.

पुढच्या महिन्यात माझ्या हातून भांडं आदळलं, तशा काकू दगडी गडग्यापलीकडून विचारू लागल्या की पुन्हा धरलं का हिला. सासूबाई माझा डबा भरत होत्या. तिथूनच त्यांनी अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "धरलं-बिरलं काय नाय. पाळी जवळ आलीय तिची."

मी डबा घेतला आणि वहाळाकाठच्या वाटेनेच कामाला गेले.