माशांसाठी स्वच्छ पाणी

मंगळवार, सकाळची पाळी. जागा: खाडीलगतचा आमचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, गेटजवळची काचेची टाकी. हजर: मी, इथली केमिस्ट, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर देसाई साहेब, ऑपरेटर सावंत. मासेही सगळे हजर होते, पण उताणे.

"मॅडम, एक पण रवलो नाय," सावंत म्हणाले.

ही टाकी म्हणजे आमची जाहिरात. घराघरांतून आलेलं सांडपाणी आधी जाळीतून जातं. मग एरेशन टँक, म्हणजे हवा सोडलेला मोठा हौद. तिथे जीवाणू त्यातली घाण खातात. गाळ खाली बसतो, वरचं पाणी फिल्टर होऊन निघतं. ते पिण्याचं नव्हे, पण बागेला झकास. त्याच पाण्यात मी वर्षभर मासे पाळले होते. वर बोर्ड: ‘प्रक्रिया केलेल्या पाण्यातील जिवंत मासे’.

त्या दिवशी मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी प्रधान मॅडम येणार होत्या. बागेला आमचं पाणी घ्यायचं की नाही, ते बघून ठरवणार होत्या. त्यांची सोसायटी बागेवर पिण्याचं पाणी ओतत होती आणि आमचं पाणी खाडीत जात होतं. मी बऱ्याच सोसायट्यांना फोन केले होते. बघायला यायला तयार झालेली ही पहिलीच. हिने नाही म्हटलं की विषय संपला.

"टाकीतलं पाणी कोणी बदललं?" मी विचारलं.

"मीच सांगितलं," देसाई साहेब म्हणाले. "जरा पिवळट दिसत होतं. गेस्ट येणार ना! काल संध्याकाळी चांगलं नळाचं भरून घेतलं."

"सर, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला चालतो. माशांचे कल्ले भाजतात."

"म्हणजे पिण्याच्या पाण्याने मेले?"

"हो."

"हे बाहेर बोलायचं नाही. ऊन लागलं म्हणू."

"टाकी सावलीत आहे, सर."

"मग वय झालं म्हणा."

"सगळ्यांचं एकाच रात्री?"

सावंत जाळी शोधायला गेले आणि तेवढ्यात प्रधान मॅडम आल्या. त्यांनी बोर्ड वाचला. टाकी पाहिली. मग परत बोर्ड वाचला.

"यातले जिवंत कुठले?"

साहेबांना एकदम फोन आला. वाजला मात्र नव्हता.

"हे नळाचं पाणी आहे," मी सांगून टाकलं. "काल स्वच्छतेसाठी बदललं. आमच्या पाण्यात मासे मजेत होते."

"काहीही काय! नळाचं तर आम्ही पितो."

"प्या की. तुम्हाला कल्ले नाहीत."

त्या हसल्या नाहीत. मी त्यांना लॅबमध्ये नेलं. मोठे मासे खातील म्हणून पिल्लं मी वेगळ्या बरणीत ठेवली होती, आमच्याच पाण्यात. ती वळवळत होती. प्रधान मॅडमनी बरणीला नाक लावून वास घेतला, काचेवर टिचकी मारली, पुन्हा वास घेतला.

"ठीक आहे. बागेपुरतं घेऊ," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या साहेबांना आमच्याकडे काही साफ करायला पाठवू नका."

पाणी आता रोज मुलुंडला जातं. मी शिकले ते एवढंच: पाहुण्यांसाठी काही स्वच्छ करायचं असेल, तर आत कोण राहतं ते आधी विचारावं.

पिल्लं मोठी झाली आहेत. बरणी पुरत नाही. टाकी आमच्या पाण्याने भरून तयार आहे, पण झाकणाला कुलूप लागल्याशिवाय मी त्यांना तिथे सोडणार नाही. कुलपाच्या मागणीवर देसाई साहेबांची सही बाकी आहे.